तुमचं माझ्याबद्दल मत काय?

पहाटे पाचला दर्यापुरातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहा, पोट्टे पळताना दिसतील. कोणी पोलीस भरतीसाठी पळतो, कोणी अग्निवीरसाठी, कोणी वनरक्षकासाठी, आणि एखादा नुसताच, कारण घरी दिसला तर बाप वावरात नेतो. खरीप आणि रब्बीच्या जोडीला इथे भरतीचाही हंगाम असतो. कोणाचे सोळाशे मीटर किती मिनिटांत निघतात हे टपरीवाल्याला तोंडपाठ असतं. त्याच पोट्ट्याचे बारावीचे टक्के विचारा, टपरीवाला सांगू शकत नाही. पोट्टाही सांगत नाही.

आमचा पुतण्या या पळणाऱ्यांत नाही. तो सतरा वर्षांचा आहे, बारावीला आहे आणि त्याला एकदम अधिकारीच व्हायचं आहे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तिथे तीन वर्षं, मग पुढचं प्रशिक्षण आणि मग खांद्यावर तारे. हे त्याने जाहीर केलं आणि गल्लीत चौकशी सुरू झाली.

"पोट्टा एनडीएत जातो म्हन्ते."

"आँ? कोन्या पक्षाकून?"

तो गैरसमज दूर झाला की पुढचा प्रश्न ठरलेला. "सोळाशे किती मिनिटात मारतं बे?" पुतण्या नम्रपणे सांगतो, की निवडीसाठी पळवत नाहीत. लेखी परीक्षा 900 गुणांची, त्यात गणित 300 आणि सामान्य क्षमता 600. त्यातून निघालो तर निवड मंडळाचे आणखी 900. पंधरा मिनिटांत 2.4 किलोमीटर पळता येईल एवढं शरीर तयार ठेवा, असा सल्ला जाहिरातीत असतो, पण तो आत गेल्यावर हाल होऊ नयेत म्हणून. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. न पळता मिळणारी मिलिटरीची नोकरी त्याला पटत नाही. "मंग तू हपिसात बसशीन," असा निकाल देऊन तो निघून जातो.

ज्यांना थोडी अधिक माहिती आहे ते जास्त त्रास देतात. सातारच्या सैनिक शाळेत का नाही घातलं? ती 1961 सालची, देशातली पहिली. संभाजीनगरला सरकारने 1977 पासून खास याच परीक्षेसाठी अकरावी-बारावीची संस्था चालवली आहे, तिथे का नाही? या सगळ्या संस्था खऱ्या आहेत आणि उत्तम आहेत. फक्त त्यांची बातमी दर्यापुरात पोचते तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून गेलेली असते. उरला मार्ग अकोल्याचा. आमच्याकडचं हुशार मूल दहावी झालं की अकोल्याच्या क्लासला जातं आणि डॉक्टर व्हायला लागतं. पुतण्याने तेही नाकारलं, त्यामुळे तो हुशार होता की नव्हता याविषयी नातेवाइकांत नव्याने चर्चा झाली.

आता कोणालाही वाटेल, की लष्करात जायला निघालेल्या मुलाला गोळीची, सीमेची, बर्फाची काळजी असेल. ती आमच्या आईला आहे, म्हणजे त्याच्या आजीला. पोट्ट्याच्या काळज्या वेगळ्या आहेत आणि त्या मी गेले काही महिने अगदी जवळून पाहतो आहे, कारण आमच्या दोघांची खोली एक आहे.

पहिली काळजी पसंतीक्रमाची. फॉर्ममध्ये सेना, नौदल, हवाई दल यांना क्रम द्यावा लागतो. नौदल पाहून तो थबकला. आमचं बालपण चंद्रभागेच्या काठी गेलं हे खरं, पण दर्यापूरची चंद्रभागा वर्षातून थोडेच दिवस पोहण्याजोगी असते आणि त्या दिवसांत ती कोणाला पोहू देत नाही. बाकी सगळा खारपाणपट्टा. विहीर खणली तर खारट पाणी लागतं, प्यायला शहानूर धरणाचं नळानं येतं, तेही आपल्या मर्जीनं. अशा मुलखातल्या मुलाने समुद्राला कितवा क्रमांक द्यायचा? "खारं पानी तर लहानपनापासून पाह्यतं ना," असं मी म्हणालो. त्याला ते विनोदी वाटलं नाही. प्रबोधिनीत गेलेल्या प्रत्येकाला पोहायला शिकवतातच, मग तो सेनेचा असो की हवाई दलाचा, हे कळल्यावर तर तो रात्री उशिरापर्यंत जागा होता.

मग वैद्यकीय तपासणी. येण्याआधी काय काय दुरुस्त करून घ्यावं याची यादी जाहिरातीतच दिलेली असते. कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, टॉन्सिल, मूळव्याध, कमी वजन, जास्त वजन, भरायला हवी तेवढी न भरणारी छाती. यादी वाचून वहिनींचं मत पडलं की हे सगळं नसलेला माणूस आमच्या दोन्ही घराण्यांत झालेला नाही. त्यात कोणीतरी सपाट तळव्यांची भीती घातली. ओल्या पायाने फरशीवर उभं राहायचं आणि ठसा पाहायचा, मधली कमान कोरडी दिसली की पास. वहिनींनी नुकतीच पुसलेली फरशी. आधी पुतण्या उभा राहिला, मग हौसेने त्याची धाकटी बहीण, मग मी, मग शेजारचे दोघे. पोट्ट्याची कमान छान निघाली. माझे ठसे मात्र अखंड पडले. म्हणजे मी सैन्यात गेलो नाही यात देशाचं काही बिघडलेलं नाही, हे इतक्या वर्षांनी सिद्ध झालं.

गोंदणाचा प्रश्न मित्राचा. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळव्याच्या मागच्या बाजूला कायमचं गोंदण चालतं. मित्राने यात्रेत दंडावर 'आई' लिहून घेतलंय. चार बोटं खाली लिहिलं असतं तर हरकत नव्हती. आता तो आईवर रागावलेला आहे.

पण या झाल्या किरकोळ काळज्या. मोठी काळजी पाच दिवसांची. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली की निवड मंडळाचं बोलावणं येतं, भोपाळ, प्रयागराज, बंगळूर, जिथे असेल तिथे. पहिल्यांदा जाणाऱ्याला सरकार रेल्वेचं एसी थ्री टायरचं जाण्यायेण्याचं भाडं देतं. दादाने, म्हणजे पोट्ट्याच्या बापाने, या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा मान वर केली ती हे ऐकून. "येयाचंबी देतात?"

तिथे गेल्यावर छातीवर क्रमांक बांधतात आणि नाव विसरायचं. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात. त्यात किती माणसं दिसली, बाया की पुरुष, त्यांचं वय काय, मन कसं, हे टिपून चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग ती सगळ्यांसमोर सांगायची. ज्यांचं जमलं नाही त्यांना त्याच दिवशी स्टेशनवर सोडतात. पुतण्याला चित्राची भीती नाही, स्टेशनची आहे. गल्लीने शाल-श्रीफळ देऊन बडनेऱ्याच्या गाडीत बसवलेला पोट्टा तिसऱ्या दिवशी परत दिसला, तर बसस्टँडपासून घरापर्यंत त्याला किती जणांना उत्तर द्यावं लागेल? "लवकर आला बे? सुट्टी हाय काय?"

सराव म्हणून मी मोबाइलवरचं एक धूसर चित्र घरात फिरवलं. दादाला त्यात जिनिंगपुढे अडकलेली कापसाची गाडी दिसली. वहिनींना दवाखान्याची रांग. आईने चष्मा न लावता पाहिलं, तिला सगळीच चित्रं धूसर असतात, आणि तिने सर्वांत चांगली गोष्ट सांगितली: बाई दारात उभी आहे, नवऱ्याची वाट पाहते आहे, तो येणार नाही हे तिला माहीत आहे, तरी तिने भाकरी टाकलेली आहे. आम्ही गप्प झालो. पुतण्या म्हणाला, "आजी, असं नाई चालत. शेवट पॉझिटिव्ह पाह्यजे." आई म्हणाली, "मंग भाकर त्या बाईनंच खाल्ली."

दुसऱ्या दिवशी साठ शब्द दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. शब्द पाहून मनात आलेलं पहिलं वाक्य लिहायचं. त्यावरून मानसशास्त्रज्ञ तुमचं मन ओळखतो. आम्ही रात्री बसलो. मी शब्द टाकायचा, त्याने वाक्य. मी म्हटलं 'पाणी'. तो म्हणाला, "आलं काय?" मी म्हटलं 'रात्र'. तो म्हणाला, "लाइन आली, मोटर चालू कर." 'धोका'. "कापूस." 'नेता'. यावर तो हसला आणि पंधरा सेकंद संपले. पुस्तकात या शब्दांपुढे छापलेली उत्तरं अशी होती, की पाणी हे जीवन आहे, रात्र विश्रांती देते, धोका पत्करणाराच जिंकतो. ज्याने हे पुस्तक लिहिलं त्याच्याकडे पाणी चोवीस तास येत असणार.

प्रसंगांचंही तसंच. अर्ध्या तासात साठ प्रसंग, तुम्ही काय कराल ते लिहायचं. 'तुम्ही रेल्वेने जात आहात आणि पुढे रूळ उखडलेले दिसतात.' आता आमच्या पोट्ट्याच्या डोळ्यांपुढे रेल्वे म्हटली की शकुंतला येते. मूर्तिजापूरहून बनोसा-दर्यापूरवरून अचलपूरला जाणारी ही छोट्या रुळांची गाडी. काही वर्षं झाली, बंदच आहे. चालू होती तेव्हाचे म्हातारे शपथेवर सांगतात, की रूळ उखडलेले दिसले तर उतरून, चालत पुढे जाऊन, गावातून माणसं आणून, ते बसवून, पुन्हा तीच गाडी पकडता यायची. एवढा वेळ असलेल्या माणसाला प्रसंगावधान कुठून येणार?

आणि गोष्टी लिहिताना नायकाने काय करायचं हे क्लासवाल्यांनी ठरवून टाकलेलं आहे. नायक सुट्टीत गावी येतो, गाव घाण असतं, तो मित्र जमवतो, गाव स्वच्छ करतो. चित्र कोणतंही असो, गाव झाडलं जातंच. हे वाचून मला हसू आलं. कारण हे काम जन्मभर करणारा माणूस याच मातीतला. गाडगेबाबांचा जन्म 1876 सालचा, शेंडगावचा, आमच्या अगदी शेजारचा. मी कल्पना केली, बाबा निवड मंडळात गेले आहेत. क्रमांक बांधायला छातीवर धड कापड नाही, धूसर चित्राकडे लक्ष नाही, आणि बाकीचे उमेदवार स्वच्छता मोहिमेच्या गोष्टी लिहीत असताना यांनी मैदान झाडून घेतलंय. पुढाकाराचे पूर्ण गुण. फक्त नंतर त्यांनी अधिकाऱ्यालाच देव कुठे राहतो असं विचारलं असतं आणि मुलाखत उलटी सुरू झाली असती.

गटचर्चेची मात्र मला अजिबात चिंता नव्हती. कापसाचा भाव, सीसीआयची खरेदी आणि नळाचं पाणी या विषयांवर बसस्टँडसमोर रोज जी गटचर्चा चालते तिच्यात सात माणसं एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येकाला बाकी सहांचं ऐकू येतं. पण पुतण्याची अडचण वेगळीच निघाली. तो त्या चर्चेत कधी बोललेलाच नाही. मोठी माणसं बोलताना पोट्ट्याने मधे बोलायचं नाही, चहा आणायचा, हे शिक्षण आम्हीच दिलं. आता तिकडे त्याने इंग्रजीत 'मला हे मान्य नाही' म्हणायचं आहे. आरशासमोर तो ते म्हणतो. आवाज इतका अदबीचा येतो की आरशालाच मान्य होईल.

आणि आता खरी गोष्ट. दुसऱ्याच दिवशी शेवटचा एक कागद देतात. पंधरा मिनिटं. आईवडिलांचं तुमच्याबद्दल मत काय, शिक्षकांचं काय, मित्रांचं काय, आणि तुमचं स्वतःचं काय, ते लिहा. सियाचीनला जायला तयार असलेला आमचा पोट्टा इथे हबकला. त्याला कोणाचंच मत माहीत नव्हतं. प्रामाणिक मुलगा, म्हणून तो विचारायला निघाला.

दादा ओसरीवर वेचणीच्या बायांचे पैसे जुळवत बसला होता.

"बाबा, तुमचं माह्याबद्दल मत काय हाय?"

दादाने वर पाहिलं. "किती पाह्यजेत?"

"पैसे नाई पाह्यजेत."

"मोबाइल फुटला काय?"

"नाई बाबा, मत पाह्यजे. तुमचं मत."

"मत आमी निवडनुकीत देतो," दादा म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला, कारण मोजणी चुकली होती.

वहिनींनी मत दिलं, की तू बारीक झालास. आणखी खोदून विचारल्यावर त्यांनी ताट वाढलं. ज्या सरांकडे तो शिकवणीला जायचा त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, "शांत आहेस." ज्या विद्यार्थ्याचं नाव आठवत नाही तो शिक्षकांच्या मते नेहमी शांत असतो. मित्रांनी "सरळ सांगू काय?" असं विचारून जे सांगितलं त्यातलं छापण्याजोगं एकच निघालं: उधारी ठेवत नाही. धाकट्या बहिणीचं मत मागितलंच नव्हतं, ते आधीच आलेलं होतं.

याच्यात वऱ्हाडाचा दोष आहे. आमच्याकडे माणसाला त्याच्या तोंडावर चांगलं म्हणायची पद्धत नाही. माया असेल तर शिवी देतात, फार माया असेल तर दोन देतात. माणूस उठून गेला की त्याच्या पाठीमागे कौतुक करतात, आणि मनापासूनचं, भरघोस कौतुक हवं असेल तर तेराव्यापर्यंत थांबावं लागतं. आणि मंडळाला ते सतराव्या वर्षी, पंधरा मिनिटांत, इंग्रजीत हवं आहे. अधिकाऱ्यात ते लोक पंधरा गुण शोधतात म्हणे: पुढाकार, धैर्य, जबाबदारी, आत्मविश्वास वगैरे. यांतला एखादा गुण आपल्या अंगी असल्याचं दर्यापुरातल्या मुलाला कोण आणि कधी सांगणार?

पुस्तकात तयार नमुना होता. माझे आईवडील मला जबाबदार आणि कष्टाळू समजतात, शिक्षक मला मेहनती समजतात, मित्र मला विश्वासू समजतात. पुतण्याने तो पाठ केला आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिला. "काका, हे खोटं हाय. आन् खोटं तिथं पकडतात." मग त्याने खरं लिहून पाहिलं. माझ्या वडिलांच्या मते मी लाईट चालू ठेवून झोपतो. माझ्या आईच्या मते मी जेवत नाही. माझ्या शिक्षकांच्या मते मी शांत आहे. माझे मित्र माझ्याबद्दल जे म्हणतात ते मी लिहू शकत नाही. वाचून त्याने कागद माझ्यापुढे धरला. "याच्यावर कोनी लेफ्टनंट करन काय?" मी असतो तर केला असता. पण माझे तळवे सपाट आहेत, माझं कोण ऐकतं.

या सगळ्या काळात त्याची बहीण खोलीच्या दारात उभी असायची. ती दहावीला आहे. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना ही परीक्षा देऊ द्या असं सांगितलं, 2022 मध्ये पहिल्या 19 मुली खडकवासल्याला दाखल झाल्या, आणि 30 मे 2025 ला पहिल्या तुकडीतल्या 17 जणी तिथून बाहेर पडल्या, हे ती न विचारता सांगते. तिच्या टेबलावर प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचं चित्र आहे, घुमटाचं. सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बचावात भारतीय सैनिक लढले, त्यांच्या आठवणीसाठी सुदानने एक लाख पौंड दिले, त्या पैशातून हे उभं राहिलं. हे तिने दादाला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "सुदानात काय पिकते?" ती म्हणाली, कापूस. दादाने चित्र हातात घेऊन पुन्हा नीट पाहिलं. कापसाच्या देशाकडे द्यायला एक लाख पौंड उरले होते, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

डिसेंबरात फॉर्म निघाले. घरात कापूस, वावरात हरभरा, आणि पोट्टा फॉर्म उघडतोय, बंद करतोय. शेवटच्या संध्याकाळी सही अपलोड होईना. कधी फाइल मोठी, कधी लहान, कधी सर्व्हरच झोपलेला. त्यात आई म्हणाली, "आन् नाई लागला नंबर तं?" जे कोणी बोलत नव्हतं ते बोललं गेलं. लाखो पोरं फॉर्म भरतात आणि जागा चारशेच्या आसपास, हे आता घरात सर्वांना पाठ होतं. पोट्ट्याने माउसवरचा हात काढला.

दादा ओसरीवरूनच बोलला. "नाई लागला तं सप्टेंबरात पुन्हा हाय. वर्सातून दोनदा घेतात. साडेएकोनीसपर्यंत चालते. याच्या जन्मतारखेनं अजून दोन डाव येतात, मोजलं म्या. त्याच्याबी पुढं ग्रॅज्युएशन झालं का सीडीएसची परीक्षा हाय." थांबून म्हणाला, "पह्यलं पेरनं साधलं नाई म्हनून दुबार पेरत नाई काय मानूस?"

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. ती जाहिरात बरीच लांबलचक, बारीक टायपातली, इंग्रजीत. दादाने ती केव्हा वाचली, कोणाकडून समजून घेतली, कोणालाच ठाऊक नाही. पोट्ट्याने विचारावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात सही अपलोड झाली.

आई हिशेबात पक्की. "शंभर रुपये फी म्हन्ता ना? दोन डावाचे दोनशे झाले की."

"माह्ये फुकट हायेत," बहीण दारातून म्हणाली. "पोरींले फी नाई."